किक, सेल्फ आणि क्लच

गेल्या पावसाळ्यात माझ्या मोटारसायकलीचा सेल्फ रुसला. बटण दाबलं की आत कुठंतरी ‘घूंऽऽ’ असा गुळगुळीत आवाज यायचा आणि इंजिन जागचं हलायचं नाही. गाडीला किक नाही. आजकाल बऱ्याच गाड्यांना ती नसते. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरात गाडी दिली. दोन दिवसांनी नवी बॅटरी आणि नवी स्टार्टर मोटर बसवून ती परत आली. बिल पाहून घरात दोन दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, पुन्हा ‘घूंऽऽ’.

गाडी ढकलत उस्तादांच्या गॅरेजवर नेली. गॅरेज आता त्यांचा मुलगा बघतो. उस्तादांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढं, एका कानानं ऐकू येत नाही, हात थरथरतात. खुर्चीत बसून असतात. मी बटण दाबलं. त्यांनी हातानंच ‘आणखी एकदा’ म्हटलं. मग उठले, एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनच्या डाव्या झाकणाला लावलं आणि मूठ चांगल्या कानाला. तिसऱ्यांदा बटण.

“मोटर कायकू बदल्या रे? मोटर तो गा रही हय. वन-वे गया.”

अर्धं मिनिटही लागलं नसेल. त्या अर्ध्या मिनिटाचा इतिहास लिहावा असं तेव्हापासून मनात आहे. मोटारसायकलीचे इतिहास बहुतेक कारखान्यांचे असतात: कोणतं मॉडेल कोणत्या साली आलं, किती खपलं. गाडी चालू होईना तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून ‘का होईना’ हे ज्यांनी शोधलं, त्यांचा इतिहास त्यात येत नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. स्टार्टर आणि क्लच हे दोन वेगळे भाग आहेत असं आपण समजतो. इतिहासात पाहिलं तर ही जुळी भावंडं आहेत, आणि म्हणूनच एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर दिसतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पुष्कळ मोटारसायकलींना क्लचच नव्हता. इंजिनपासून मागच्या चाकापर्यंत सरळ चामड्याचा पट्टा. इंजिन फिरलं की चाक फिरणार, चाक थांबलं की इंजिन बंद. म्हणजे बैलगाडी आडवी आली तरी इंजिन बंद, आणि मग पुन्हा सायकलसारखे पेडल मारा किंवा गाडी ढकलत पळा आणि इंजिन फुरफुरलं की टांग टाकून बसा. अशा गाडीला वेगळ्या स्टार्टरचा काय उपयोग? जागेवर उभं राहून इंजिन चालू केलं, तर गाडी मालकाला सोडून निघून जाईल! इंजिन आणि चाक यांची फारकत करणारा क्लच आला तेव्हाच ‘उभ्या उभ्या चालू करणं’ या कल्पनेला अर्थ आला.

इंग्लंडातल्या आल्फ्रेड अँगस स्कॉटनं १९०८ साली आपली दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक गाडी बाजारात आणली. तिला पायानं बदलायचे दोन गिअर होते आणि पायानं मारायची किक होती. मोटारसायकलीला किक देण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं. पुढं पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि मित्रसैन्याला ट्रायम्फच्या ‘मॉडेल एच’ या तीस हजारांवर गाड्या पुरवल्या गेल्या. तीन गिअर, क्लच आणि किक असलेली ही गाडी निरोप्या शिपायांनी चिखलातून दामटली. युद्ध संपेपर्यंत किक ही मोटारसायकलीची ओळख झाली होती.

विजेच्या सेल्फचा प्रयत्नही त्याच काळातला, हे कळलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. मोटारींमध्ये चार्ल्स केटरिंगनं तो आणला, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये. हा माणूस आधी गल्ला मोजणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात होता आणि तिथं त्यानं हातानं फिरवायच्या गल्ल्याला विजेची मोटर जोडली होती. तिथंच त्याला एक साधी गोष्ट उमगली होती. मोटरला दिवसभर काम करायचं नाही, क्षणभर करायचं आहे. मग छोट्या मोटरवर क्षणभर भलता भार टाकला तरी चालतो, पुढं तिला थंड व्हायला वेळ मिळतोच. आजही आपण सेल्फचं बटण सलग दाबून धरू नये म्हणतो, त्याचं मूळ हे. ती मोटर दमदार नाही, तिला फक्त एक धक्का द्यायचा असतो.

अमेरिकेतल्या इंडियन कंपनीनं १९१४ साली ‘हेंडी स्पेशल’ नावाच्या मोटारसायकलीला सेल्फ लावला. गाडी त्याच वर्षी गुंडाळावी लागली. मोटरमध्ये खोट नव्हती, बॅटऱ्या पुरत नव्हत्या. मोटारसायकलच्या सेल्फचा पहिला मोठा पराभव बॅटरीनं केला, आणि आजही सेल्फ चालेना म्हटलं की शंभरातला कुणीही आधी ‘बॅटरी गेली’ म्हणतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. माझ्या गाडीच्या बाबतीत नव्हतं.

माझं शिक्षण मात्र किकवर झालं. १९८६ चा उन्हाळा, आठवीची परीक्षा संपलेली. अब्बांनी मला मिरजेत मामूंकडं पाठवलं आणि मामूंनी शेजारच्या गॅरेजवर. ‘घरात बसून पतंगच उडवणार, त्यापेक्षा दोन पान्हे ओळखेल.’ उस्ताद तेव्हा चाळिशीच्या आत असतील. दारात नेहमी दोन-तीन बुलेट उभ्या.

बुलेटचा इथला जन्म सगळ्यांना माहीत आहे. १९५० च्या दशकात भारत सरकारला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, साडेतीनशे सीसीची बुलेट निवडली गेली आणि १९५५ पासून मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला ती जुळवली, पुढं पूर्ण बनवली जाऊ लागली. इंग्लंडातला रेडिचचा मूळ कारखाना १९६७ साली बंद झाला, मद्रासचा चालू राहिला. त्यामुळं एक गंमत झाली. जगात इतरत्र जुनं होऊन गेलेलं यंत्र आपल्याकडं पन्नास वर्षं रोजच्या वापरात राहिलं आणि त्याची नाडी बघणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेले.

त्या बुलेटची किक गिअरबॉक्समध्ये असते. पायाचा जोर गिअरबॉक्समधून क्लचवर, क्लचवरून चेननं इंजिनच्या क्रँकवर जातो. म्हणजे क्लच मध्ये उभा. क्लच दाबून किक मारली तर इंजिन हलतच नाही. सकाळी जुने बुलेटवाले क्लच दाबून दोन किका मारायचे ते याचसाठी. रात्रभर तेलात चिकटलेल्या प्लेटी मोकळ्या करायच्या, नाहीतर पहिला गिअर टाकताच गाडी बेडकासारखी उडी मारते.

आता उस्तादांनी मला शिकवलेला पहिला धडा. एक गवळी गाडी घेऊन आला, म्हणाला, ‘किक हलकी जातीय, गाडी सुरू होत नाही.’ मी म्हटलं, क्लच प्लेटी घासल्या. मला तेवढाच एक शब्द येत होता. उस्ताद म्हणाले, “चोर तीन हैं. एक को पकड़ने से पहले दो को छोड़ना सीख.”

पहिला संशयित क्लच. प्लेटी झिजल्या, किंवा केबल इतकी ताणलेली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, तर किक नरम नरम खाली जाते आणि इंजिन फिरत नाही. दुसरा, किकचा आतला दातेरी खटका. त्याचे दात गोल झाले की पाय मध्येच ‘कडकड’ करून निसटतो आणि नडगी सोलून निघते. तिसरा, इंजिनचं कॉम्प्रेशन. बुलेटला हँडलवर एक छोटा दांडा असतो, डिकंप्रेसर. तो दाबला की सिलिंडरमधली हवा बाहेर पडते आणि किक सोपी होते. त्याची केबल ताणली गेली की हवा कायमच गळत राहते. तेव्हा इंजिन फिरतं, पण पायाला काहीच लागत नाही.

तिघांची लक्षणं पायाला जवळपास सारखीच. मग वेगळं कसं करायचं? उस्तादांनी चावी लावली आणि मला हेडलाइटच्या डोक्यावरचा अँपिअर मीटर बघायला लावला. हळू हळू किक दाबली. काटा एकदा डावीकडं गेला, परत मध्यावर आला, पुन्हा गेला. काटा हलतो तो आतल्या पॉइंटच्या उघडझापीनं, आणि पॉइंट हलतात ते क्रँक फिरली तरच. म्हणजे इंजिन फिरतंय. म्हणजे क्लच आणि खटका दोघंही सुटले. राहिला तिसरा. उस्तादांनी डिकंप्रेसरच्या केबलचा नट दोन आटे फिरवला. पुढची किक मारली तेव्हा पाय दगडावर पडल्यासारखा थांबला. गवळी निघून गेला. पैसे घेतले नाहीत.

काटा हलला नसता तर? मग गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून मागून ढकलायची. चाक अडलं, इंजिनाचा जोर ढकलणाऱ्याच्या हाताला लागला, तर क्लच पकडतोय, दोष खटक्याचा. चाक सहज फिरत राहिलं तर क्लच सरकतोय. एकही नट न उघडता तीन दोषांतला एक हाती येतो. डॉक्टरी पुस्तकात याला भारी नाव असेल. गॅरेजमध्ये नाव नव्हतं. पुस्तकही नव्हतं.

मिरजेत हे सगळं घडलं याचंही मला नंतर अप्रूप वाटत राहिलं. या गावातले सतारमेकर मुळात शिकलगार, हत्यारांना पाणी देणारे, धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचा धंदा बसला आणि ते सतार-तंबोऱ्याकडं वळले. तंबोऱ्याची जवारी काढताना तिथला कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. मोजपट्टी नाही. उस्तादांचं गॅरेज त्या गल्लीपासून फार लांब नाही. त्यांचे आजोबा काय करायचे हे मी कधी विचारलं नाही, आणि या दोन गोष्टींची ओढूनताणून सांगड घालणार नाही. पण सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम कामगारांचं प्रमाण जास्त असलेल्या धंद्यांत वाहन दुरुस्तीही येते, ती आकाशातून पडलेली नाही. नोकरीची दारं अरुंद आणि हातात लोखंडाची जाण, या दोहोंतून गल्लोगल्ली ही गॅरेजं उभी राहिली. त्यांच्यातला उस्ताद-शागीर्द हा शब्दही गाण्यातलाच आहे.

गॅरेजवर अधूनमधून जावा आणि येझदीही यायच्या, म्हैसूरच्या कारखान्यातल्या. त्यांचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढं वळवून गिअर टाकायचा. वर गिअरचा दांडा हलला की क्लच आपोआप थोडा सुटायचा, त्यामुळं काही जण डावा हात न लावताच गिअर बदलायचे. क्लच आणि किक एका घरात नांदतात हे त्या गाडीइतकं उघड दुसऱ्या कुणी सांगितलं नसेल.

त्याच सुमाराला सगळं बदलत होतं. १९५८ साली जपानमध्ये होंडानं ‘सुपर कब’ काढली. शेवयांच्या सूपचं ताट एका हातावर पेलून दुसऱ्या हातानं चालवता यावी म्हणून तिला क्लचचा लिव्हरच ठेवला नव्हता. वेग वाढला की क्लच आपोआप पकडायचा. दोन वर्षांत तिची सेल्फवाली आवृत्तीही निघाली. आपल्याकडं ते वारं १९८४ ला पोचलं. फिरोदियांची कायनेटिक होंडा आली, गिअर नाही, क्लच लिव्हर नाही आणि बटण दाबलं की चालू. मिरजेत ती पहिल्यांदा आली तेव्हा पोरं नुसतं बटण दाबलेलं ऐकायला जमायची. पुढच्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली. तिला सेल्फ नव्हता. पण काही जपानी धर्तीच्या गाड्यांत किकची रचना नवी होती. जोर गिअरबॉक्समधून न जाता क्लचच्या बाहेरच्या टोपलीला जातो. त्यामुळं गाडी गिअरमध्ये असतानाही क्लच दाबून किक मारता येते. आणि उस्तादांचा अर्धा धडा रद्द झाला. इथं किक सरकली तर क्लच प्लेटींवर संशय घ्यायचाच नाही, कारण त्या वाटेत उभ्याच नाहीत.

या जपानी रचनेत आणखी एक गोष्ट होती आणि तिनं उस्तादांना रडवलं. जुन्या बुलेटमध्ये इंजिनचं तेल वेगळं, क्लचच्या पेटीतलं वेगळं, गिअरबॉक्समध्ये ग्रीस. नव्या गाडीत सगळ्यांना मिळून एकच तेल. २००४ च्या आसपासची गोष्ट. दूध घालणारा एक गडी, गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन. दंडोबाच्या चढाला गाडी ओरडते आणि पुढं जात नाही, अशी तक्रार. उस्ताद चालवायला बसले. चौथ्या गिअरमध्ये मूठ पिळली, इंजिनचा आवाज चढला, वेग चढेना. क्लच सरकतोय यात शंका नाही. लिव्हरला ढील बरोबर होती. प्लेटी बदलल्या. आठवड्यात गडी परत. प्लेटी दुसऱ्यांदा बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या. पुन्हा तेच. प्रत्येक खेपेला त्याचं दूध दुसऱ्याच्या गाडीवरून जायचं, भाडं वेगळं. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा काहीच बोलला नाही, नुसता फळीवर बसून राहिला. उस्तादांना ते जास्त लागलं असावं.

त्यांनी त्या दिवशी दुसरं काही काम घेतलं नाही. मी सुट्टीवर आलो होतो, तिथंच होतो. झाकण उघडून त्यांनी प्लेट बोटांत धरली. नवीच होती, जळकी नव्हती, काळी नव्हती. मग बोटं एकमेकांवर घासली. “तेल बहुत अच्छा हय,” ते म्हणाले. चांगलं म्हणजे संशय येण्याइतकं चांगलं. गड्याला विचारलं. त्याच्या मेहुण्यानं शहरातून मोटारीचं महागडं तेल आणून दिलं होतं, गाडीला जीव लावायचा म्हणून. उस्ताद दर खेपेला तोच डबा ओतत होते. त्यांनी ते काढलं, पेटी धुतली, तिसरा सेट घातला आणि मोटारसायकलीचं साधं तेल भरलं. गाडी दंडोबा चढून आली. आधीच्या दोन सेटांचे पैसे त्यांनी परत केले. गडी नको म्हणत होता.

कारण त्यांना तेव्हा कळलं नाही, उपाय कळला. मला ते पुष्कळ नंतर वाचनात सापडलं. १९९० च्या दशकात मोटारींच्या तेलात पेट्रोल वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्यं वाढू लागली. मोटारीचा क्लच कोरडा असतो, त्याला फरक पडत नाही. मोटारसायकलीचा क्लच त्याच तेलात बुडालेला, आणि त्याचं सगळं काम घर्षणावर. जपानमध्ये मोटारसायकलींच्या तेलासाठी १९९८ साली जासो हे वेगळं मानक आलं ते याचमुळं. डब्यावर ‘एमए’ लिहिलेलं असेल तर तेल ओल्या क्लचला चालतं. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचं, ज्या स्कूटरचा क्लच तेलात नसतो तिच्यासाठी. आज तो शिक्का बऱ्याच डब्यांवर असतो. तेव्हा आमच्याकडं डब्यावरची बारीक अक्षरं वाचण्याची रीतच नव्हती. कान कितीही तयार असला तरी तेलातलं रसायन ऐकू येत नाही.

२००१ च्या अखेरीला पल्सर आली आणि मोटारसायकलींत सेल्फ हळूहळू सर्रास झाला. मग उस्ताद पुन्हा शिकायला बसले. त्यांनी आवाजांची एक यादीच तोंडपाठ केली होती. बटण दाबल्यावर ‘टकटकटकटक’ असं भराभर वाजलं तर बॅटरी अशक्त, रिले धरतो आणि सोडतो. एकदाच ‘टक्’ आणि मग शांतता, तर बॅटरीचे टर्मिनल, जाड वायर किंवा मोटरचे ब्रश बघ. अगदीच शांतता असेल तर मोटरकडं जाऊच नको. आधी फ्यूज, मग साइड स्टँडचा स्विच, आणि क्लचच्या लिव्हरखालचा तो बोटाच्या पेराएवढा स्विच. गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून तो बसवलेला असतो. त्यात पावसाचं पाणी गेलं की धडधाकट मोटर मुकी होते. म्हणजे इथंही क्लच स्टार्टरच्या वाटेत येऊन बसलाच.

आणि शंका असेल तर हेडलाइट लाव, मग बटण दाब. दिवा एकदम मंदावला आणि इंजिन अडलं, तर करंट जातोय पण बॅटरीत दम नाही किंवा मोटर जाम आहे. दिवा जरासुद्धा मंदावला नाही, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. दिवा थोडासा मंदावला, मोटर आनंदानं ‘घूं’ करतेय आणि इंजिन स्तब्ध, तर दोष दोघांच्या मधल्या जोडणीत. ती जोडणी म्हणजे वन-वे क्लच. सायकलच्या फ्रीव्हीलसारखा तो एकाच बाजूनं पकडतो. सेल्फ फिरला की त्यातले रोलर अडकून इंजिन फिरवतात, इंजिन स्वतः वेगानं फिरू लागलं की सुटतात, नाहीतर इंजिन त्या बिचाऱ्या मोटरला फिरवून फिरवून जाळेल. रोलर झिजले किंवा त्यांच्या स्प्रिंगा मेल्या की पकड जाते. कधी लागते, कधी नाही. माझी गाडी दोन दिवस चालली ती त्यामुळं. नव्या मोटरनं काही बरं केलं नव्हतं.

सर्व्हिस सेंटरातल्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांना तासाला किती गाड्या हाताखालून घालवायच्या आहेत हे भिंतीवर लिहिलेलं असतं. भाग बदलणं हा त्यांचा धंदा आहे, ऐकत बसण्याचे पैसे त्यांना कुणी देत नाही. ती यादी मात्र उस्तादांनी कुठं लिहून ठेवलेली नाही. मी वहीत उतरवून घेत होतो तेव्हा ते हसले, “परीक्षा हय क्या?”

उस्तादांच्या मुलानं डावं झाकण उघडलं. मॅग्नेट काढायचा पुलर त्याच्याकडं नव्हता, शेजारून मागवला. फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ लावून तो आट्यांची दिशा तपासत होता. उस्ताद खुर्चीतून बघत होते, बोलले नाहीत. मॅग्नेट सुटला. मागं तीन रोलर. दोन ठीक, तिसऱ्याची एक बाजू चपटी झालेली आणि त्याची स्प्रिंग दोन तुकड्यांत. मुलानं तो रोलर पुसून बापाच्या तळहातावर ठेवला. उस्तादांनी तो अंगठ्यानं फिरवून पाहिला, चष्मा वर करून पुन्हा पाहिला, आणि खिळे-वायसरांच्या जुन्या बिस्किटाच्या डब्यात टाकला. मग मला विचारलं, “जुनी मोटर कुठाय? ती परत घे त्यांच्याकडून. चांगली आहे ती.”